गेमिंग पीसीसाठी मदरबोर्ड निवडताना: कोणत्या क्रमाने आणि काय तपासून

नवा गेमिंग पीसी जुळवायला निघालेल्यांच्या याद्या पाहिल्या की चूक बहुतेक वेळा पहिल्याच ओळीत सापडते. मदरबोर्ड आधी ठरलेला असतो. कुणाच्या तरी व्हिडिओत दिसलेला, खोक्यावर ‘गेमिंग’ लिहिलेला, कडेने दिवे लागणारा. मग त्याला बसेल तो प्रोसेसर, आणि उरल्यासुरल्या पैशांत ग्राफिक्स कार्ड. क्रम नेमका उलटा हवा. भारी बोर्ड घेतल्याने फ्रेम (दर सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रं) वाढत नाहीत, चुकीचा घेतला तर मात्र कमी होऊ शकतात. म्हणून बोर्ड सगळ्यांत शेवटी निवडायचा, आणि बाकीच्या भागांना कुठे अडवणार नाही एवढंच त्याच्याकडून मागायचं.

उदाहरणासाठी एकच जोडणी धरली आहे: एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर, मधल्या किमतीचं ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम आणि एक एनव्हीएमई एसएसडी (बोर्डावरच बसणारी वेगवान साठवण). इंटेलचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

## १. आधी चार गोष्टी कागदावर लिहा

प्रोसेसरचं पूर्ण नाव, ग्राफिक्स कार्डाचं पूर्ण नाव, कॅबिनेटचं मॉडेल, आणि एकूण किती ड्राइव्ह लावणार. हे चार लिहून होईपर्यंत बोर्डांच्या किमती पाहूच नका.

‘पूर्ण नाव’ म्हणजे शेवटच्या अक्षरासकट. इंटेलमध्ये शेवटी ‘के’ असेल तर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवता येतो; ‘एफ’ असेल तर त्याच्या आत ग्राफिक्स नाही, म्हणजे बोर्डाचं एचडीएमआय पोर्ट त्याच्यासाठी शोभेचं. रायझन ७००० आणि ९००० मालिकेत छोटं ग्राफिक्स आत असतं, पण ७५००एफसारख्या ‘एफ’वाल्यांत नसतं. ‘जी’वाल्यांकडे जास्त लक्ष द्या. रायझन ५ ८५००जी एएमडीच्या एएम५ प्रकारच्या बोर्डावर बसतो खरा, पण ग्राफिक्स कार्डासाठी तो फक्त चार लेन (डेटा जाण्या-येण्याच्या वाटा) देतो. बोर्डावरची खाच (स्लॉट) सोळा लेनची असली तरी प्रोसेसरच चार देणार असेल तर बोर्ड काय करणार? पुढे कधीतरी कार्ड घेऊ म्हणून आज ‘जी’ प्रोसेसर घेणारे इथे फसतात.

बजेटबद्दल माझा ढोबळ नियम असा: बोर्डाची किंमत प्रोसेसरच्या किमतीच्या वर जाऊ देऊ नका. जात असेल तर एक पायरी खालचा बोर्ड घ्या आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात टाका.

## २. सॉकेट

सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसण्याची बोर्डावरची जागा. प्रोसेसर ठरला की ते आपोआप ठरतं. सध्या बाजारात चार दिसतात.

एएमडीचं जुनं एएम४ आणि २०२२ मध्ये आलेलं एएम५. इंटेलचं एलजीए १७००, ज्यावर बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे प्रोसेसर बसतात, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात कोअर अल्ट्रा २०० मालिकेबरोबर आलेलं एलजीए १८५१.

पूर्ण नवीन जुळणी असेल आणि तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून काम भागवायचं असेल, तर मी एएम५ घेईन. २०२७ आणि त्यापुढेही या सॉकेटला पाठिंबा देऊ, असं एएमडीने जाहीर केलेलं आहे. एलजीए १७०० चे प्रोसेसर आजही उत्तम चालतात आणि स्वस्त जुळणीत शोभतात, पण त्या बोर्डावर पुढची पिढी बसणार नाही हे कळून घ्या. एएम४ तेव्हाच, जेव्हा घरात डीडीआर४ (आधीच्या पिढीची) रॅम आधीच पडून आहे.

तपासा: प्रोसेसरचा कूलर जुना वापरणार असाल तर त्याचे कंस नव्या सॉकेटला बसतात का. एएम४ चे बहुतेक कूलर एएम५ वर चालतात. इंटेलमध्ये एलजीए १२०० ची भोकं ७५ मिलिमीटरवर होती, १७०० ला ती ७८ वर गेली, त्यामुळे नवा कंस लागतो.

## ३. रॅमचा प्रकार आणि खाचांची संख्या

एएम५ आणि एलजीए १८५१ वर फक्त डीडीआर५ चालते, एएम४ वर फक्त डीडीआर४. गोंधळ होतो तो एलजीए १७०० वर, कारण तिथे एकाच नावाचा बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतो. नावाच्या शेवटी ‘डी४’ असं काहीतरी चिकटवलेलं असतं आणि ऑनलाइन मागवताना तेच नजरेतून सुटतं. दोन्ही रॅमच्या पट्टीतला कट वेगळ्या जागी असतो. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटेल, रॅम बसणार नाही.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या वेगाने चढले, ते पाहता ‘आत्ता १६ जीबीची एक पट्टी घेऊ, नंतर वाढवू’ हा विचार अनेकांच्या डोक्यात असणार. त्याआधी हे वाचा. एएम५ वर दोन पट्ट्या लावल्या तर अधिकृत वेग डीडीआर५-५२०० किंवा ५६०० असतो, आणि ६००० वर जवळपास सगळे प्रोसेसर चालतात. चारही खाचा भरल्या की अधिकृत आकडा थेट ३६०० वर येतो. म्हणजे आज दोन आणि पुढे आणखी दोन हा बेत कागदावरच चांगला. एकच पट्टी लावली तर प्रोसेसर आणि रॅममधला दुसरा चॅनल (डेटाचा मार्ग) रिकामा राहतो आणि फ्रेम पडतात. आज दोन पट्ट्यांचा एक संच घ्या आणि विषय संपवा.

यातून एक सुखद गोष्ट निघते: दोनच रॅम खाचांचा बोर्ड म्हणजे काही कमीपणा नाही. गेमिंगला तो पुरतो.

सावधान: चार खाचांच्या बोर्डात दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. पहिल्या दोन खाचांत शेजारी शेजारी लावणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक आहे.

## ४. चिपसेट

चिपसेट म्हणजे बोर्डाला काय काय जमेल ते ठरवणारी चिप. इथे दुकानदार बोलायला लागतो आणि गिऱ्हाईक मान डोलवायला लागतं. प्रश्न एवढाच: प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणार का?

नसाल करणार, तर एएमडीमध्ये बी६५० किंवा बी८५० घ्या आणि पुढे चला. आपल्या ७६०० साठी बी६५० पुरून उरतो. ए६२० स्वस्त आहे, त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही आणि वीजपुरवठ्याचा भाग बहुधा किरकोळ असतो. ६५ वॉटच्या प्रोसेसरला चालेल, पण पुढे मोठा प्रोसेसर टाकायचा असेल तर नको. बी८४० हे नाव बी८५० सारखं दिसतं म्हणून फसू नका, कुवतीने तो ए६२० च्या जवळचा आहे. एक्स८७० आणि एक्स८७०ई मध्ये यूएसबी४ हे वेगवान पोर्ट सक्तीचं आहे, त्याचे पैसे तुम्ही भरता. यूएसबी४ चं उपकरण घरात नसेल तर ते पैसे वाया.

इंटेलमध्ये प्रोसेसर ओव्हरक्लॉक होतो तो फक्त ‘झेड’ चिपसेटवर. बी७६० आणि बी८६० वर प्रोसेसर बांधलेला, पण रॅम वेगाने चालवता येते. एच६१० वर तेही नाही: रॅम प्रोसेसरच्या अधिकृत वेगापलीकडे जात नाही. ‘के’ प्रोसेसर आणि एच६१० बोर्ड ही जोडी तयार पॅकेजमध्ये सर्रास विकली जाते. प्रोसेसरचं नाव मोठं दिसतं म्हणून ती खपते. ‘के’साठी जादा मोजलेली रक्कम त्या बोर्डावर पाण्यात.

## ५. व्हीआरएम: खोक्यावर जे लिहीत नाहीत ते

एसएमपीएसकडून (पीसीला वीज देणारा डबा) १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास. हे उतरवण्याचं काम सॉकेटच्या डावीकडे आणि वर दाटीने बसलेले भाग करतात, त्यांना मिळून व्हीआरएम म्हणतात. हे तापले की बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग खाली आणतो. गेम सुरुवातीला छान चालतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने अडखळायला लागतो. लोक ग्राफिक्स कार्डाला शिव्या देतात आणि ड्रायव्हर बदलत बसतात.

किती ताकद हवी हे प्रोसेसरवर अवलंबून. रायझन ५ ७६०० ची कमाल मर्यादा ८८ वॉट. ७८००एक्स३डीची कागदोपत्री १६२ वॉट, पण गेममध्ये तो त्याच्या निम्म्यातच राहतो. त्यामुळे गेमिंगसाठी नावाजलेल्या या प्रोसेसरला महागडा बोर्ड लागत नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही. उलट कोअर आय७ १४७००के किंवा आय९ १४९००के २५३ वॉटपर्यंत जातात. त्यांना मात्र दणकट व्हीआरएम हवाच.

कसं ओळखायचं? ‘१२+२+१ फेज’ अशा आकड्यांनी भुलू नका. फेज म्हणजे व्हीआरएममधला वीज उतरवणारा एकेक गट. ते मोजण्याची पद्धत कंपनीगणिक बदलते, आणि प्रत्येक फेज किती अँपिअरची आहे हे त्याहून महत्त्वाचं. आधी उघड्या डोळ्यांनी बघा: सॉकेटच्या डावीकडे आणि वर, दोन्ही ठिकाणी हीटसिंक आहे का? ते भरीव ॲल्युमिनियमचे आहेत का, की वर नुसतं प्लास्टिकचं झाकण? मग त्याच मॉडेलची व्हीआरएम तापमानाची चाचणी शोधा.

चाचणी वाचताना खोलीचं तापमान धरा. परदेशी चाचण्या साधारण वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात एअर कूलर लावलेल्या खोलीतही पारा तिशीच्या बराच वर असतो. चाचणीत ८५ अंश दिसले तर तुमच्याकडे शंभरी गाठू शकते. विदर्भ-मराठवाड्यात राहत असाल तर व्हीआरएमच्या बाबतीत एक पायरी वरचा बोर्ड घ्या. संपूर्ण लेखात ‘जास्त पैसे घाला’ असं मी एवढ्याच ठिकाणी म्हणणार आहे.

सावधान: प्रोसेसरला पाण्याचा कूलर लावलात की सॉकेटभोवती वारा फिरत नाही. साधा उभा कूलर व्हीआरएमलाही थोडी हवा देतो. पाण्याचा कूलर लावणार असाल तर कॅबिनेटला मागे पंखा असलाच पाहिजे.

## ६. आकार, खाचा आणि एम.२ ची गोम

पूर्ण एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो-एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. एक ग्राफिक्स कार्ड आणि एक-दोन एसएसडी यापलीकडे काही लावायचं नसेल तर मायक्रो-एटीएक्स पुरे. मिनी-आयटीएक्स दिसायला गोंडस, खिशाला नाही.

आता एम.२, म्हणजे एसएसडी बसण्याच्या खाचा. बोर्डावर तीन खाचा दिसल्या म्हणून तिन्ही मोकळ्या आहेत असं नाही. रायझन ७००० मध्ये वापरता येणाऱ्या २४ लेन असतात: १६ ग्राफिक्सला, आणि उरलेल्या आठांत सहसा दोन एम.२ खाचा. बाकी सगळं चिपसेटमार्फत, म्हणजे एकाच अरुंद रस्त्याने. त्यामुळे एक खाच भरली की दुसरं काहीतरी बंद पडतं. काही बोर्डांवर दोन साटा पोर्ट (केबलने जोडायच्या ड्राइव्हचे) मरतात. काही महागड्या बोर्डांवर दुसऱ्या किंवा तिसऱ्या खाचेत एसएसडी लावली की ग्राफिक्स कार्डाच्या सोळा लेनच्या आठ होतात. जाहिरातीत हे नसतं. कंपनीच्या साइटवरून मॅन्युअलची पीडीएफ उतरवा, ‘एम.२’ शब्द शोधा, आणि खालच्या बारीक टिपा वाचा. विकत घेण्याआधी मॅन्युअल वाचणं विचित्र वाटतं, पण नंतर वाचून काही उपयोग नाही.

दुसरी लांब खाच पाहूनही हुरळून जाऊ नका. ती दिसते सोळाची, आतून चारची किंवा एकचीच असते. आणि तीन खाचांची जाडी असलेलं आजचं ग्राफिक्स कार्ड मायक्रो-एटीएक्स बोर्डावर बसलं की खालचं बरंचसं झाकलं जातं. वेगळं वाय-फाय कार्ड लावू म्हणत असाल तर ते लावायला जागा उरते का, हे फोटोवर मोजपट्टी ठेवून पाहा.

तपासा: मुख्य एसएसडीची खाच प्रोसेसरला जोडलेली आहे का आणि तिच्यावर हीटसिंक आहे का. तसंच प्रोसेसरच्या विजेसाठी आठ पिनांचे जोड किती आहेत, आणि तुमच्या एसएमपीएसला तेवढ्या केबल आहेत का.

## ७. पोर्ट आणि हेडर

मागच्या बाजूला यूएसबी मोजा. कीबोर्ड, माउस, हेडसेट, वेबकॅम, कंट्रोलर, पेनड्राइव्ह. स्वस्त बोर्डांवर सहाच असतात. कॅबिनेटच्या पुढे टाइप-सी पोर्ट असेल तर बोर्डावर त्याचा वेगळा हेडर (केबल लावायच्या पिनांचा जोड) लागतो, नाहीतर ते भोक नुसतं शोभेला राहतं.

२.५ गिगाबिटचं लॅन जवळजवळ सगळीकडे मिळतं, पण घरचं कनेक्शन १०० किंवा २०० एमबीपीएसचं असेल तर त्यासाठी वेगळे पैसे देऊ नका. वाय-फाय हवं असेल तर बोर्डातच असलेलं बरं, खाच वाचते. पावसाळ्याबद्दल एक सांगायला हवं: आपल्याकडे केबलवाले इंटरनेटची तांब्याची वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर ओढतात. विजांच्या दिवसांत तिच्यातून झटका येऊन लॅन पोर्ट जळतो, कधी अख्खा बोर्ड. जळलेल्या बोर्डाला वॉरंटी मिळत नाही. फायबर थेट घरात येत नसेल तर वीज कडाडताना लॅनची वायर काढून ठेवा.

सावधान: दिव्यांचे दोन हेडर असतात. तीन पिनांचा एआरजीबी ५ व्होल्टचा, चार पिनांचा साधा आरजीबी १२ व्होल्टचा. ५ व्होल्टची दिव्यांची पट्टी १२ वर लावली की दिवे जातात. पंख्यांचा संच घेण्याआधी बोर्डावर कोणता आहे ते पाहा.

नवशिक्यांनी आणखी दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट यांसाठी चार छोटे तपासणी दिवे, आणि मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण (बायोस म्हणजे बोर्डाचं आतलं मूळ सॉफ्टवेअर). संगणक सुरू झाला नाही तर पहिल्यामुळे दोष कुठे ते कळतं, आणि दुसरं का लागतं ते पुढे.

## ८. बायोस: सॉकेट जुळलं तरी बोर्ड चालेल असं नाही

बी६५० बोर्ड २०२२ मध्ये आले, रायझन ९००० आले २०२४ मध्ये. गोदामात पडून असलेल्या जुन्या बोर्डात नवा प्रोसेसर बसवला तर पंखे फिरतील, पडदा काळाच राहील. हेच बी७६० आणि चौदाव्या पिढीचं.

कंपनीच्या साइटवर प्रत्येक बोर्डाची प्रोसेसर यादी असते. त्यात तुमच्या प्रोसेसरसमोर किमान बायोस आवृत्ती लिहिलेली असते. ती नोंदवा. काही कंपन्या एकाच नावाखाली बोर्डाच्या वेगवेगळ्या रिव्हिजन विकतात, रिव्हिजनचा आकडा बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला असतो. यादी आणि बायोसची फाइल त्याच रिव्हिजनची हवी.

फ्लॅशबॅक असेल तर प्रोसेसर न बसवताही बायोस बदलता येतं. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करा, फाइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने ठेवा, खूण असलेल्याच यूएसबी पोर्टात लावा, एसएमपीएसच्या २४ आणि ८ पिनांच्या केबल जोडा, बटण दाबून धरा. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावू नका. इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर हे काम त्यावरच करा.

नवीनतम बायोस टाकणं ही केवळ हौस नाही. २०२३ मध्ये रायझन ७००० चे एक्स३डी प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे जळाल्याच्या तक्रारी आल्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणारं) १.३ व्होल्टवर बांधलं, ते बायोसमधूनच. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या अस्थिरतेवरचा ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला दुरुस्ती-कोड) २०२४ मध्ये तसाच आला. या प्रोसेसरांना जुन्या बायोसवर चालवू नका.

## ९. दुकानाच्या काउंटरवर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या, गावातल्या डीलरकडून घ्या किंवा ऑनलाइन, बिलावर जीएसटी क्रमांक आणि बोर्डाचा सिरियल नंबर हवाच. ‘बिलाशिवाय थोडं कमी करतो’ म्हणजे १८ टक्के कर वाचवण्याच्या नादात साधारण तीन वर्षांची वॉरंटी सोडून देणं. ती वॉरंटी भारतातली आहे का, आणि तुमच्या शहरात किंवा जवळपास त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, तेही विचारा.

एएम५ आणि इंटेल, दोन्हींत पिना बोर्डावर असतात. दुकानातच खोका उघडायला लावा, सॉकेटचं झाकण उचला, मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा. सरळ पिनांच्या रांगांवर उजेड एकसारखा पडतो, वाकलेली पिन त्या रांगेत वेगळी चमकते किंवा काळी दिसते. वाकलेल्या पिनेवर वॉरंटी नसते, आणि ती कुणी वाकवली हे नंतर सिद्ध करता येत नाही. ऑनलाइन मागवलं असेल तर खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्या, त्यात सिरियल नंबर आणि सॉकेट दोन्ही दिसू द्या.

## १०. बसवल्यावर लगेच

एएम५ वर पहिल्यांदा बटण दाबलं की काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. या वेळात घाबरून वीज बंद करणारे बरेच, आणि मग ‘बोर्ड डेड आला’ म्हणून दुकानात. दहा-पंधरा मिनिटं थांबा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावली आहे ना, तेही एकदा बघा.

मग बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्स्पो किंवा एक्सएमपी (रॅम तिच्या खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर रांगत राहते. रिसायझेबल बार (प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू आहे का पाहा. एफटीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंगही चालू ठेवा, विंडोज ११ वर व्हॅलोरंट हा गेम त्यांच्याशिवाय उघडत नाही.

खोका आणि सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण टाकू नका. बोर्ड वॉरंटीत पाठवायची वेळ आली तर सर्व्हिस सेंटर ते झाकण मागतं.